माफीची शेंगापोळी

त्या भागाला प्रेक्षकांनी नुसत्या शिव्या घातल्या होत्या. रविवारी संध्याकाळी लागणारी ती खुनाची मालिका. आधी एक प्रेत, मग चार संशयित, मग गाडीतून उतरणारा इन्स्पेक्टर, आणि शेवटच्या जाहिरातीनंतर खुनी, असा तिचा ठरलेला शिरस्ता. त्या रविवारी मात्र शेवटी खूनच निघाला नाही. मोबाइलवर त्या भागाखाली प्रतिक्रियांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, "खूनच नव्हता तर आमच्या रविवारचा खून कशाला केलात?" कुणी लिहिलं, "आता लेखकालाच अटक करा." एका बाईंनी तर "यापेक्षा पाककृती दाखवा, निदान घरात भाजी तरी होईल," असा सल्ला दिला.

अख्ख्या महाराष्ट्रात त्या भागाला चांगलं म्हणणारं एकच घर मला ठाऊक आहे. ते सोलापूरच्या पूर्व भागात एका बोळात आहे. त्या घराच्या वरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहत होते.

घरमालकीणबाईंना सगळा बोळ मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. मावशी शाळेच्या युनिफॉर्मचं शिलाईकाम घरी आणून करायच्या. काजं करायची, बटणं लावायची, दोरे कापायचे. दारातून आत पाऊल टाकलं की पहिल्यांदा निळ्या आणि पांढऱ्या शर्टांचे ढीग, मग मशीन, मग मावशी, आणि भिंतीशी टीव्ही. टीव्हीवर आठवडाभर सोलापुरी चादर घातलेली असे. मोरांची, चौकडीची, जाडजूड. ती चादर फक्त रविवारी संध्याकाळी निघायची. बातम्या, क्रिकेट, सासू-सुनांची भांडणं, यांतलं काही त्या घरात चालत नसे. "ती भांडणं बघाया टीव्ही कशाला पायजे? खिडकी हाय की," असं त्या म्हणत.

मी मूळची सांगोल्याची. सोलापुरात एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते. खोली बघायला गेले तेव्हा मावशींनी माझं नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, रात्री किती वाजता येणार तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "रक्तात इष कळतं का?"

मी म्हटलं, "विष नाही. आमच्याकडे साखर आणि हिमोग्लोबिन कळतं."

"बरं. ऱ्हावा," त्या म्हणाल्या. मला खोली मिळाली, आणि रविवारची हजेरी लागू झाली.

त्या हजेरीला आम्ही ठरलेली मंडळी असायचो. समोरचे जॉबरमामा, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले निवृत्त गृहस्थ. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत सारखेच हट्टी. दुसऱ्या, शेजारच्या आपा. त्या दखनी बोलायच्या आणि मालिका सुरू होण्याआधीच खुनी ओळखायच्या. मी होते, आणि अधूनमधून कुणाकडे आलेले पाहुणे. मावशी मशीनच्या स्टुलावर. मालिका चालू असताना कुणी बोललं की त्या मागं न बघता ओरडायच्या, "सुम्म कुंद्री!" त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग आला की कानडी. म्हणजे गप बसा. जाहिराती लागल्या की मात्र बोलायला मुभा असे, आणि तेवढ्या वेळात मावशींची बटणं लावून व्हायची. त्यांच्याकडे बसून पहिला भाग बघितला तेव्हा मला वाटलं, या बाईला खुनापेक्षा बटणांचंच अगत्य जास्त.

इन्स्पेक्टरवर त्यांचा राग होता. तो प्रत्येक घरात बुटांसकट शिरायचा. एकदा तर तो देवघरापर्यंत तसाच गेला. मावशी स्टुलावरून उठल्या आणि त्याला म्हणाल्या, "आरं, मेलाय त्यो माणूस, त्याचं घर न्हाय मेलं!" जॉबरमामांनी समजूत घातली, "मावशी, पोलिसाला पुरावा बघायचा असतो की." "अनवाणी दिसत न्हाय का पुरावा?" मामा आपल्या अनवाणी पायांकडे बघू लागले.

पण त्या घराची खरी गंमत शेवटच्या जाहिरातीला सुरू व्हायची. खुनी कळायला आता थोडाच वेळ, प्रत्येकाचा जीव टांगणीला, आणि मावशी टीव्हीचा आवाज बंद करायच्या. मग सुई उशीत खोचून, आमच्याकडे तोंड करून म्हणायच्या, "मतं द्या."

प्रत्येकानं आपला संशय कुणावर ते बोलायचं. "बघू की, कळेलच आता," असं चालायचं नाही. दोघांची नावं घेतलेली चालायची नाहीत. जॉबरमामा नेहमी भावाचं नाव घेत. मालिकेत भाऊ नसला तर चुलतभावाचं. त्यांचं आणि त्यांच्या भावाचं सामाईक भिंतीवरून काय चाललं होतं ते सगळ्या बोळाला माहीत होतं, त्यामुळे कुणी कारण विचारत नसे. आपा म्हणायच्या, "मैं तो कब से बोल रइ, वो डागदर है." आपांच्या मते जगातल्या निम्म्या अडचणी डॉक्टरांनी केलेल्या होत्या. मी आपली ज्याचं तोंड जास्त निष्पाप दिसेल त्याचं नाव घ्यायची. मावशी स्वतः कधीच मत देत नसत. "मी घरची हाय," एवढंच.

मग आवाज सुरू. खुनी सापडे. बेड्या पडत. शेवटची नावं सरकायला लागली की मावशी टीव्ही बंद करायच्या आणि म्हणायच्या, "चला. ज्यांचं चुकलं त्यांनी उठा."

ज्याचं मत चुकलं त्यानं बंद टीव्हीसमोर उभं राहायचं, हात जोडायचे, आणि ज्या पात्रावर फुकट संशय घेतला त्याची माफी मागायची. मोठ्यानं. "चुकलं, मोलकरीणबाई. तुम्ही केलं नव्हतं." "चुकलं, धाकले मालक." मावशी त्या पात्राच्या वतीनं म्हणायच्या, "तिनं माफ केलं. खावा." आणि स्वतःच्या हातानं शेंगापोळीचा तुकडा त्या माणसाच्या हातावर ठेवायच्या. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ भरलेली, तुपाचं बोट लावलेली पोळी. तो तुकडा तिथंच, त्यांच्यासमोर खायचा. ज्यांचं बरोबर आलं त्यांनाही पोळी मिळे, पण नंतर, आणि फुशारकी मारली तर तीही नाही. "तुमी वळखलं न्हाय, तुमचं जमलं," असं त्यांना ऐकवलं जाई.

पहिल्या रविवारी मी हसत सुटले होते. एका न जन्मलेल्या मुनिमाची माफी मागायला मला टीव्हीसमोर उभं केलं होतं. मावशींना माझं हसणं आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "संशय घेतला की माघारी द्यायचा, बाळ. न्हायतर त्यो घरातच ऱ्हातो, मांजरागत. दूध पीत." मी हात जोडले आणि पोळी खाल्ली. ती पोळी इतकी चांगली होती की पुढच्या रविवारी मी मुद्दाम चुकायचं ठरवलं.

मोबाइलवरच्या प्रतिक्रिया वाचून दाखवायचं कामही पुढं माझ्याकडे आलं. भाग संपला, पोळी खाऊन झाली, की मी मावशींना प्रेक्षकांची मतं वाचून दाखवायची. कोण अभिनयाला नाव ठेवी, कोण कथेला, कोण नायिकेच्या साडीला. मावशींचा प्रश्न एकच, "ह्येनं आदी कुणाचं नाव घेतलं हुतं?" वाघाचं चित्र लावलेले कुणी एक गृहस्थ होते. ते भाग अर्धा झाला की लिहून मोकळे व्हायचे. एकदा त्यांनी लिहिलं, "मोलकरीणच खुनी. हा माझा शब्द." मोलकरीण निर्दोष सुटली. मावशींनी मला उत्तर लिहायला लावलं. त्यांनी सांगितलं ते मी शुद्ध करून लिहिलं, "आपला शब्द आपल्यापाशी ठेवावा. ती बाई निर्दोष निघाली. टीव्हीसमोर उभे राहून माफी मागा आणि मग काहीतरी गोड खा. सोलापूर."

मला वाटलं, आता हा मनुष्य आमची सोलापूरसकट आरती करणार. दोन दिवसांनी वाघाचं उत्तर आलं, "मागितली. श्रीखंड खाल्लं." मावशींनी तो निरोप मला पुनःपुन्हा वाचायला लावला. तो आठवडाभर त्या मशीनवर बसून गुणगुणत होत्या आणि वाण्याला, भाजीवालीला, शर्ट न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगत होत्या की माणूस सुधारतोय.

या विक्षिप्तपणाच्या मुळाशी काय आहे ते मला आपांनी सांगितलं. गच्चीवर आम्ही दोघी कपडे वाळत घालत होतो. खालून पोळ्या भाजल्याचा वास येत होता.

मावशींचे यजमान सूतगिरणीत कामाला होते. एका संध्याकाळी जेवले, शेंगापोळी आणि दूध, आणि तासाभरात छातीत कळ येऊन गेले. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला, तसं लिहूनही दिलं. पण अक्कलकोटहून यजमानांची थोरली बहीण आली. धाकट्या भावाला तिनं अंगाखांद्यावर वाढवलेलं. ती आली, प्रेताकडे बघितलं, आणि भरल्या घरात मावशींना म्हणाली, "काय घातलंस पोळीत?"

एवढंच. पुन्हा कधी ती ते बोलली नाही. पोलिसांत गेली नाही, भांडली नाही. पण बोललेलं मागंही घेतलं नाही. दुःखात माणूस वाट्टेल ते बोलतं, हे सगळ्यांना कळत होतं, तरी कुणी तिला "असं काय बोलता" म्हटलं नाही. त्यानंतर मावशींच्या घरून आलेलं ताट बोळात कुणी खाईनासं झालं. हसून घ्यायचे आणि दार लावून घ्यायचे.

"हम भी वोइच किए जी," आपा म्हणाल्या. "थाली लेते, और सब गाय को डालते. उनकू मालूम था. फिर भी भेजते थे वो."

मग शिलाईच्या कमाईतून मावशींनी बोळातला पहिला मोठा टीव्ही घेतला. मालिका बघायला लोक येऊ लागले. बसायचे, बघायचे, पण पाण्याच्या पेल्याला हात लावायचे नाहीत. आणि एका रविवारी मावशींनी हा माफीचा खेळ काढला. खेळ म्हटल्यावर मोठी माणसंही उठली. हसत हसत माफी मागितली, हसत हसत हात पुढं केला, आणि पोळी खाल्ली. पहिली पोळी जॉबरमामांनी खाल्ली. आपा म्हणाल्या, त्या दिवशी मावशी आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

मी खाली आले तेव्हा मावशी परातीशी बसल्या होत्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ज्या पोळीवरनं नाव घेतलं गेलं, तीच पोळी या बाईनं दर रविवारी लाटली आणि एकेका घराला आपल्या हातानं खाऊ घातली. कुणाशी वाद घातला नाही, कुणाला शपथा घातल्या नाहीत. मला इतकं साधलं नसतं. मी दुसऱ्याच दिवशी बोळ सोडून गेले असते.

खायची राहिलेली एकच होती, ती अक्कलकोटची नणंद.

आणि एका सोमवारी ती आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात करायचं होतं, दवाखाना आमच्या घरापासून जवळ, मुलगा पुण्याला नोकरीत अडकलेला. त्यानं आईला रिक्षातून उतरवलं आणि मावशींना म्हणाला, "मामी, थोडे दिवस. दुसरं कुणी नाही." मावशी म्हणाल्या, "आरं, घर तिच्या भावाचं हाय. मला काय इचारतोस?"

नणंदेला सगळे अक्का म्हणत. उंच, काटक, आवाज खणखणीत. बरोबर कपड्यांची पिशवी आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात कडक भाकरी. आमच्या सोलापूरकडची ही कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळवलेली ज्वारीची पातळ भाकरी. दिवसचे दिवस टिकते, दही नाही तर शेंगाचटणीबरोबर खातात. अक्कांनी पुरेशी भाकरी आणि चटणी आणली होती. पाण्याची बाटलीसुद्धा. ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली, तरी त्या डबा चाचपून भाकरी मोडायच्या आणि खायच्या. मावशी रोज त्यांच्यासमोर गरम भाजी ठेवायच्या. अक्का रोज म्हणायच्या, "नगं. पथ्य हाय." मावशी ताट उचलून न्यायच्या. दोघींमध्ये एक वाकडा शब्द नाही. मला मात्र त्या घरात भाकरी मोडल्याचा कटकन आवाज आला की मी वर खोलीत निघून जायची.

त्या आठवड्यात मालिकेची जाहिरात लागत होती. ताटावर कोसळणारा माणूस, किंचाळणारी बायको, आणि खाली मोठ्या अक्षरांत प्रश्न, "घास कुणी दिला?" मी मोबाइलवर ती बघितली आणि तशीच खाली उतरले. मावशींना गाठून म्हटलं, "या रविवारी राहू द्या. पाहुण्या आजारी आहेत, त्यांना त्रास होईल."

मावशी काज करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "रैवार म्हंजी रैवार," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पोळ्या जरा जास्तीच्या करते."

रविवारी चादर निघाली. जॉबरमामा आले, आपा आल्या. दोघांनी अक्कांना बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. अक्कांना डॉक्टरांनी टीव्ही बघायला मनाई केली होती. पण त्या म्हणाल्या, "बघत न्हाय, ऐकते," आणि भिंतीला टेकून बसल्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला.

मालिका सुरू झाली. एक व्यापारी, त्याची बायको, भाऊ, आणि दुकानातला जुना माणूस. व्यापारी जेवता जेवता कोसळला. पडद्यावर बोलणं कमी आणि संगीत जास्त, त्यामुळे ऐकून काही कळेना. अक्का म्हणाल्या, "आता काय चाललंय?"

"सुम्म कुंद्री," असं यायला हवं होतं. आम्ही वाट बघितली. मावशी म्हणाल्या, "बायकू रडतीया."

"खरं रडतीया का?"

"मला काय म्हाईत? डोळ्यातनं पाणी येतंया."

थोडा वेळ गेला. "आता?"

"आता लोकं तिच्याकडं बघाय लागल्यात."

"आन् ती?"

"ती ताटाकडं बघतीया," मावशी म्हणाल्या. "ताट कुणी उचललं न्हाय अजून."

त्या दिवशी जाहिरातींमध्ये एकही बटण लागलं नाही. मावशींच्या मांडीवर शर्ट तसाच होता. अक्का विचारायच्या आणि मावशी सांगायच्या, त्या बाईची सासू काय म्हणाली, शेजारणी कशा मागं सरल्या, इन्स्पेक्टरनं स्वयंपाकघरातले डबे कसे उपसले. बुटांचा विषयसुद्धा निघाला नाही. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. मला मात्र पडद्याकडे बघवत नव्हतं.

शेवटची जाहिरात लागली. मावशींनी आवाज बंद केला. "मतं द्या."

जॉबरमामा पुटपुटले, "भाऊ." आपांनी डॉक्टर नसताना दुकानातल्या माणसाचं नाव घेतलं, कारण तो एकदा औषधाच्या दुकानात दिसला होता. मीही भावाचंच नाव घेतलं. राहिल्या अक्का. पाहुण्याला मत विचारायचं हा त्या घरचा नियम होता, आणि त्या दिवशी तो मोडला जावा असं आम्हा तिघांना वाटत होतं.

मावशी म्हणाल्या, "अक्का, तुमचं?"

अक्कांनी पट्टीवर हात ठेवला. "बायकूच," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण? जेवाण कोण वाडतंय?"

आपांनी माझा हात धरला. जॉबरमामा आपल्या चपला कुठं आहेत ते बघू लागले. मावशी फक्त म्हणाल्या, "बरं," आणि आवाज सुरू केला.

बाकीची हकिकत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. खून नव्हताच. त्या व्यापाऱ्याचं हृदय आधीपासून कमजोर होतं. छातीत दुखतं हे त्यानं घरच्यांपासून लपवलं होतं, डॉक्टरांच्या गोळ्या दुकानाच्या खणात तशाच पडलेल्या होत्या. घास साधा घासच होता. शेवटच्या दृश्यात ती बायको एकटी बसून ते ताट घासते, आणि नावं सरकायला लागतात.

मावशींनी टीव्ही बंद केला. नेहमीचं वाक्य मात्र त्यांच्या तोंडून आलं नाही. त्या उठून आत गेल्या.

त्यामुळे आमचे आम्हीच उठलो. सगळ्यांचंच चुकलं होतं. जॉबरमामांनी भावाची माफी मागितली, आणि त्या दिवशी ते जरा जास्तच वेळ हात जोडून उभे राहिले. आपांनी मागितली, मी मागितली. मावशी पोळ्यांचं ताट घेऊन आतल्या दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. कुणाला काही म्हणाल्या नाहीत, फक्त तुकडा देत होत्या. अक्कांना उठायला सांगायची कुणाची हिंमत नव्हती, आणि मावशीही सांगेनात.

"मला उटवा की कुणीतरी," अक्का म्हणाल्या.

मी हात दिला. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, हात जोडले. टीव्ही त्यांच्या डाव्या अंगाला होता. त्यांचं तोंड आतल्या दाराकडे होतं. मी त्यांना टीव्हीकडे वळवायला गेले, तर आपांनी मला मागं ओढलं.

"बाई," अक्का म्हणाल्या, "चुकलं माजं. जेवणावरनं बोलले. माणूस माजं बी गेलं हुतं, पर जेवणावरनं बोलाया नगं हुतं. आन् बोलले ते बोलले, माघारी घ्याया आले न्हाय. लई वर्सं झाली. चुकलं."

"तिनं माफ केलं, खावा," हे मावशींचं वाक्य. गेल्या कित्येक रविवारी शेकडो संशयितांच्या वतीनं त्यांनी ते म्हटलं होतं, मोलकरणींच्या, मुनिमांच्या, सावत्र मुलांच्या. आम्ही त्याची वाट बघत होतो. मावशींच्या ओठांची हालचाल झाली. मग त्या म्हणाल्या, "तिला जरा येळ लागंल, अक्का. तुमी पोळी खावा."

त्यांनी अख्खी पोळी पुढं केली. अक्कांनी हात पसरला, पोळी चाचपली, आणि उभ्या उभ्याच खाल्ली. आम्ही तिघं बघत राहिलो. पोळी संपायला वेळ लागला, कारण अक्कांना दात थोडेच होते. शेवटचा घास गिळून त्या म्हणाल्या, "गूळ कमी हाय."

"तुमच्या भावाला कमीच लागायचा," मावशी म्हणाल्या.

"व्हय," अक्का म्हणाल्या. "ल्हानपणापास्नं." आणि मग त्या बसल्या आणि रडल्या. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी येऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे मावशी पदर घेऊन धावल्या आणि त्यांच्यावर ओरडल्या, "सुम्म कुंद्री! पट्टी भिजंल!"

त्या रात्री मी प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. सगळा शिव्यांचा भडिमार. वाघानंही लिहिलं होतं, "सोलापूरकर, मी भावाचं नाव घेतलं होतं. पण इथं कुणी मारलंच नाही. आज माफी नक्की कुणाची मागू?" मावशींनी अक्कांसाठी भात कालवता कालवता सांगितलं, "लिव्ह, बायकूची. सगळ्यांनी तिचीच मागायची ऱ्हायलीया."

अक्का बऱ्या होऊन गेल्या. डब्यातली उरलेली कडक भाकरी मावशींनी गाईला घातली. अक्कलकोटला मुलानं त्यांना टीव्ही घेऊन दिला आणि दर रविवारी शेवटच्या जाहिरातीला त्यांचं मत फोनवरून येऊ लागलं. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवायची आणि त्या तिथून ओरडायच्या, "सावकार!" चुकलं की तिथल्या टीव्हीसमोर माफी मागायच्या आणि गूळ खायच्या. वाक्य मावशी इकडून म्हणायच्या. पण त्या एका भागातल्या बाईचा विषय दोघींपैकी कुणी काढत नव्हतं. माघी वारी झाली, शिमगा झाला, उन्हाळा लागला. जॉबरमामांनी भिंतीचा खटला मिटवला तरी तो विषय निघाला नाही. मला वाटायचं, पोळी खाल्ली ना, आता शब्दांचं काय एवढं? एकदा तसं म्हटलंही. मावशी म्हणाल्या, "उगंच म्हनून टाकायचं म्हंजी मालिकाच की मग."

माझी नोकरी बदलली तो शेवटचा रविवार. भाग संपला, माफ्या झाल्या, अक्कांची फोनवरची झाली. मी फोन ठेवणार तोच मावशींनी हात पुढं केला.

"अक्का," त्या म्हणाल्या, "त्या बाईनं माफ केलं बरं का."

कुठली बाई, हे अक्कांनी विचारलं नाही.

"कवा?" त्या म्हणाल्या.

"आज सकाळी. कणीक मळताना."

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, म्या असस्तवर न्हाय करायची ती."

"गूळ खावा," मावशी म्हणाल्या, फोन माझ्या हातात दिला, आणि टीव्हीवर चादर घालून मशीनवर बसल्या. सकाळी टेम्पोवाला शर्ट न्यायला येणार होता.